स्वच्छतेचा संस्कार कसा रुजवावा: सोलापुरातील पालक आणि शिक्षकांसाठी

चौथीच्या वर्गातील कोणत्याही मुलाला हात केव्हा धुवावेत असे विचारले, तर जेवणापूर्वी, शौचाहून आल्यावर, खेळून आल्यावर अशी उत्तरे ते घडाघडा देते, परिसर अभ्यासाच्या पेपरात त्याचे गुणही मिळवते, आणि मधल्या सुट्टीत पोषण आहाराची घंटा झाली की तेच मूल मातीचे हात चड्डीला पुसून ताटावर बसते. माहिती कमी पडली असे येथे म्हणता येत नाही. माझ्या हातावरची, माझ्या दारातली, माझ्या तोंडातली घाण पुढे कोणाच्या तरी अंगाला लागणार आहे आणि ती लागू नये हे पाहणे माझे काम आहे, ही जाणीव कमी पडते. ती जाणीव नीतीच्या प्रांतातली असल्यामुळे आरोग्य आणि स्वच्छतेचे शिक्षण नीतिशिक्षणापासून सुरू करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

केवळ अडाणी माणसालाच ही जाणीव कमी असते असा समज कोणी करून घेऊ नये. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांच्या लक्षात आले की, डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी ज्या प्रसूतिविभागात काम करतात तेथे सूतिकाज्वराने, म्हणजे बाळंतपणानंतरच्या तापाने, मरणाऱ्या बाळंतिणींची संख्या सुइणींच्या विभागापेक्षा कितीतरी अधिक आहे, कारण ही मंडळी शवविच्छेदन करून तशीच बाळंतिणीला तपासायला येतात. त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने घटले. तरीही त्या काळातील अनेक नामवंत डॉक्टरांनी त्यांचे म्हणणे मानले नाही. आपले सभ्य, सुशिक्षित हात मरण पोचवतात हे कबूल करणे त्यांच्या मानाला झोंबत होते. पुरावा समोर असूनही अहंकार आडवा आला. आपल्या घरी आणि शाळेत जे शिकवायचे आहे त्याची सुरुवात या अहंकारापासून होते.

यासाठी मुलांच्या हाती एकच प्रश्न द्यावा: ‘हे पुढे कोणाकडे जाते?’ कचरा, सांडपाणी, खोकला, थुंकी, साठवलेले पाणी, वापरलेले ब्लेड, यांपैकी काहीही समोर आले तरी हाच प्रश्न विचारावा. सुविचाराच्या फळ्यावर रोज नवे वाक्य लिहिण्यापेक्षा वर्षभर हा एक प्रश्न धरून ठेवणे अधिक उपयोगी पडते.

आधी सोय, मग उपदेश

ज्या शाळेतला नळ कोरडा आहे आणि साबण मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद आहे, तेथे हात धुण्यावरचे भाषण मुलांना फक्त ढोंग शिकवते. म्हणून पहिले काम मोठ्यांचे आहे. सोलापूरच्या अनेक वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येते, आणि उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर गेला की घागरीचा हिशेब होऊ लागतो. अशा घरातल्या मुलाला ‘भरपूर पाण्याने हात धुवा’ असे सांगणे म्हणजे त्याच्या आईची चेष्टा आहे. थोड्या पाण्यात हात कसे धुवावेत हेच शिकवले पाहिजे.

त्यासाठी गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन स्वच्छ धुऊन घ्यावा आणि तळापासून दोन बोटे वर खिळा तापवून बारीक भोक पाडावे. कॅन भरून झाकण घट्ट केले की धार थांबते आणि झाकण सैल केले की बारीक धार सुरू होते. तो मुलांच्या कमरेच्या उंचीवर कट्ट्यावर ठेवावा आणि खाली बादली ठेवावी, म्हणजे पडलेले पाणी झाडांना घालता येते. वडीचा साबण चिखलात पडतो, हरवतो, कधी घरी जातो. त्याऐवजी एक लिटर पाण्यात कपड्यांच्या पावडरचे तीन-चार लहान चमचे मिसळून, टोपणाला भोक पाडलेल्या बाटलीत ते पाणी भरून ठेवावे. ही सोय अगदी स्वस्तात होते आणि पुरवठाही बराच काळ टिकतो. बाटलीवर ठळक अक्षरांत ‘साबणाचे पाणी, पिऊ नये’ असे लिहिण्यास मात्र विसरू नये.

हात ओले करून धार बंद करावी, साबण लावून बोटांच्या बेचक्या, अंगठे, तळहाताची मागची बाजू आणि नखांची टोके किमान वीस सेकंद चोळावीत आणि मग पुन्हा धार सोडावी. वीस सेकंद मोजण्यासाठी घड्याळ लागत नाही. मुलांनी एक ते वीस अंक संथपणे म्हणावेत. सोलापूरच्या एकाच वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुले शेजारी बसतात, तेव्हा एक दिवस मराठीत, एक दिवस तेलुगूत, असे आळीपाळीने अंक म्हटले तर हातही धुतले जातात आणि दुसऱ्याची भाषा तोंडात बसते. घरी ज्या मुलाची भाषा शाळेच्या भाषेपेक्षा वेगळी आहे, ते त्या दिवशी सगळ्या वर्गाचे गुरुजी होते.

पिण्याच्या पाण्याबाबत एक गोष्ट नीट समजावून सांगावी. नळाला पाणी नसते त्या दिवसांत वाहिनी रिकामी असते आणि तिच्या गळक्या सांध्यांतून आजूबाजूचे सांडपाणी आत शिरू शकते. त्यामुळे पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे येणारी धार पिण्यासाठी भरू नये, ती बादलीत धरून फरशी किंवा संडास धुण्यास वापरावी. पाणी गढूळ असेल तर दुहेरी फडक्यातून गाळावे आणि खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्यावे. ज्या घरी इंधन परवडत नाही तेथे आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या क्लोरिनच्या गोळ्या किंवा द्रावण वेष्टनावरील प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. पिण्याच्या हंड्यात ग्लास किंवा तांब्या बुडवू नये, लांब दांड्याचे ओगराळे वापरावे, कारण पाणी कितीही शुद्ध असले तरी बुडणाऱ्या बोटांनी ते पुन्हा दूषित होते.

येथेच एक अवघड विषय येतो आणि तो टाळू नये. पाणी सुटले की काही घरांत नळाला थेट मोटार लावली जाते. मोटार लावणाऱ्याचे पिंप लवकर भरते, गल्लीच्या टोकाच्या घरी धार करंगळीएवढी होते, आणि वाहिनीतला दाब घटल्यामुळे बाहेरची घाण आत ओढली जाण्याचा धोका वाढतो. मूल हे सगळे उंबऱ्यात उभे राहून पाहत असते. वडिलांनी मोटार चालू करायची आणि मुलाने शाळेत ‘नेहमी खरे बोलावे’ हा सुविचार सुंदर अक्षरात लिहायचा, यातून मूल काय शिकते हे वेगळे सांगायला नको. पालकसभेत हा मुद्दा कोणाचेही नाव न घेता, पण आडपडदा न ठेवता मांडावा.

पिंप, कूलर आणि शेजारचे बाळ

पाणी साठवावे लागते हा सोलापूरकरांचा दोष नाही, परंतु साठवलेल्या पाण्याची जबाबदारी मात्र साठवणाऱ्याचीच आहे. डेंग्यू पसरवणारा एडीस डास गटारात वाढत नाही, तो पिंप, हौद, टाकी, कूलर, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे आणि गच्चीवरचे टायर अशा ठिकाणच्या साध्या, स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या ओलसर भिंतीला अंडी चिकटवते. ही अंडी भांडे कोरडे झाले तरी काही महिने तग धरतात आणि पाणी मिळताच उबतात. अंड्यापासून उडणारा डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून कोरडी ठेवण्याचा ‘कोरडा दिवस’ पाळण्यास सांगितले जाते.

केवळ पाणी ओतून दिल्याने काम होत नाही, कारण अंडी भिंतीलाच राहतात. काथ्याने किंवा तारेच्या घासणीने पिंपाची आतली बाजू, विशेषतः पाण्याची रेषा जेथे असते तो पट्टा, जोर लावून घासावा, घासलेले पाणी मातीत ओतावे, पिंप उन्हात उपडे ठेवावे आणि भरल्यावर तोंडाला फडके ताणून बांधावे. नुसते झाकण ठेवले तर फटीतून डास सहज आत जातो.

कोरडा दिवस कॅलेंडरवरचा कोणताही वार धरून पाळायला सांगितला तर आपल्याकडे तो चालत नाही. भरलेले पिंप ओतून देणे कोणत्याही आईला पटणार नाही आणि पाणी वाया घालवणे हीदेखील अनीतीच आहे. त्यामुळे पाण्याच्या पाळीशी कोरडा दिवस जोडावा. पाणी सुटायच्या आधीच्या संध्याकाळी भांडी तशीही तळाला गेलेली असतात. उरलेले पाणी फडक्यातून गाळून बादलीत घ्यावे, पिंप घासून उपडे करावे आणि सकाळी नव्या पाण्याने भरावे. फडक्यावर राहिलेल्या अळ्या कोरड्या मातीत टाकल्या की मरतात. कूलरचे पाणीही याच संध्याकाळी काढून त्याच्या जाळ्या आणि टाकीचा तळ घासावा. सोलापुरात मार्चपासून जूनपर्यंत कूलर चालतो, पावसाला सुरुवात झाली की तो बंद पडतो आणि त्याच्या तळाचे चार बोटे पाणी तसेच राहते. डासांना याहून सोयीची जागा मिळणार नाही.

शिक्षकांनी हा धडा फळ्यावर न शिकवता बाटलीत शिकवावा. एखाद्या पिंपात बॅटरीचा उजेड टाकला की पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटीकडून लोंबकळणाऱ्या, उजेड पडताच वळवळत तळाकडे जाणाऱ्या अळ्या दिसतात. त्यांतल्या थोड्या काचेच्या बरणीत घेऊन तोंडाला मलमलीचे फडके दोऱ्याने घट्ट बांधावे आणि बरणी वर्गात ठेवावी. काही दिवसांत अळ्यांचे स्वल्पविरामाच्या आकाराचे कोष होतात आणि एका सकाळी फडक्याखाली डास बसलेले दिसतात. त्या वेळी मुलांना विचारावे की, फडके नसते तर हे कोणाकडे गेले असते? एडीस डास फार लांब उडत नाही, बहुधा जन्मस्थानापासून काहीशे मीटरच्या आतच राहतो आणि दिवसा चावतो. म्हणजे आपल्या कूलरातला डास दुपारी पाळण्यात झोपलेल्या शेजारच्या बाळालाच शोधणार, हे मुले स्वतःच सांगतात. आपण सांगायची गरज उरत नाही. बरणी त्यानंतर गरम पाणी ओतून रिकामी करावी.

महापालिकेचे कर्मचारी अळीनाशक टाकण्यासाठी दारात येतात तेव्हा ‘आमच्याकडे काही नाही, पुढच्या घरी जा’ असे सांगून त्यांना परत पाठवणे हा आपल्याकडे जणू रिवाज आहे. पुढच्या घरचे लोकही हेच सांगतात. मुलांनी आईवडिलांना हात धरून दार उघडायला लावावे, एवढे काम त्यांच्यावर सोपवण्यास हरकत नाही.

टरफलांचा प्रश्न

लोकमान्य टिळकांच्या शाळेतील शेंगांची गोष्ट ऐकली नाही असे मराठी मूल सापडणे कठीण. मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफले उचलणार नाही, असे बाळ टिळकांनी गुरुजींना ठणकावून सांगितले, ही ती गोष्ट. शेंगांची चटणी ज्या गावाची ओळख आहे त्या गावात तर ती अधिकच रंगवून सांगितली जाते. परंतु स्वच्छतेचा विषय निघाला की हीच गोष्ट वर्गात उलटते. वर्गात कागद पडलेला असतो, शिक्षक जवळच्या मुलाला तो उचलायला सांगतात आणि मूल निरागसपणे उत्तर देते, ‘सर, मी नाही टाकला.’

या उत्तरावर रागावू नये, त्यातून चर्चा सुरू करावी. न केलेल्या चुकीची शिक्षा नाकारणे योग्यच आहे, हे मुलांपुढे आधी मान्य करावे. मग विचारावे की, शिक्षा म्हणून उचलणे आणि ही खोली आपली आहे म्हणून उचलणे, ही दोन कामे एकच आहेत का? आठ-नऊ वर्षांच्या मुलांनाही हा भेद कळतो. अडचण अशी आहे की, पुष्कळदा मोठ्यांनाच तो कळलेला नसतो. उशिरा आलास, झाडू मार. गृहपाठ केला नाहीस, मैदानावरचे कागद वेच. अशा शिक्षा देणाऱ्या शाळेत झाडू हे अपमानाचे चिन्ह होते, आणि मग त्याच शाळेच्या भिंतीवर मूल्यशिक्षणाच्या यादीत ‘श्रमप्रतिष्ठा’ हा शब्द रंगवून काहीही साधत नाही. म्हणून हा नियम कडकपणे पाळावा: सफाईचे काम कधीही, कोणालाही, शिक्षा म्हणून देऊ नये.

पाळी लावताना सर्वांची लावावी. मुलींनी झाडायचे, मुलांनी बाके उचलायची आणि वर्गप्रमुखाने देखरेख करायची, अशी वाटणी अजूनही सर्रास दिसते. ती मोडावी. शिक्षकांचे नावही पाळीच्या तक्त्यात असावे आणि त्यांच्या दिवशी त्यांनी खरोखर झाडू हाती घ्यावा. मुलांनी वर्ग आणि आवार झाडणे, फळा पुसणे, झाडांना पाणी घालणे ठीक आहे. संडास आम्लाने किंवा फिनाइलने धुणे हे मात्र मुलांचे काम नाही, तेथे हातमोजे घातलेला आणि योग्य वेतन मिळणारा मोठा माणूसच हवा.

उदाहरणांसाठी दूर जावे लागत नाही. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी अनुयायांसह स्वतः राबून सोलापूरचा तलाव उभा केला, अशी परंपरा आहे. त्या तलावाच्या काठावर चिरमुऱ्यांची पिशवी भिरकावणारा माणूस कोणाच्या घामावर ती टाकतो, हे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला जाण्यापूर्वी मुलांशी बोलावे. गाडगेबाबांचे (१८७६ ते १९५६) तर सगळे आयुष्यच या विषयाचा पाठ होता. ते गावात आले की आधी गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तनातही ते उपदेशाचे डोस पाजत नसत, श्रोत्यांना प्रश्न विचारत, उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत आणि मगच पुढे जात. पंढरपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली, हेही आवर्जून सांगावे. ज्यांच्याकडून गावाची घाण उपसून घेतली जात होती, त्यांना निवाऱ्याचीही चोरी होती, हे बाबांना दिसत होते.

घाण वस्तूत असते, माणसात नसते

आपल्या समाजात स्वच्छतेचे शिक्षण जातीच्या विटाळाशी फार जुन्या गाठीने बांधले गेले आहे. ‘अंघोळ न करता आलास, कोणासारखा दिसतोस’ असे म्हणताना तोंडातून एखाद्या जातीचे नाव सहज निघून जाते. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे, पण ती शिवीत शिल्लक राहिली तर मूल ती तेथूनच उचलते. घरात आणि वर्गात अशा तुलनांना पूर्ण बंदी असावी.

नखे आणि गणवेश तपासण्याची पद्धतही बदलावी. सर्वांसमोर हात पुढे करायला लावून एखाद्याला रांगेबाहेर काढले की त्या मुलाच्या मनात स्वच्छतेबद्दल प्रेम उत्पन्न होत नाही, शाळेबद्दल भीती उत्पन्न होते. ज्याच्याकडे एकच गणवेश आहे आणि घरी पाण्याची पाळी परवा आहे, त्याने काय करावे? वर्गात एक नेलकटर आणि एक कंगवा ठेवावा, ते वापरल्यावर साबणाच्या पाण्याने धुवावेत, आणि शनिवारी शिक्षकांनी प्रथम स्वतःची नखे सर्वांदेखत कापावीत. कोणाला खरोखर अडचण असेल तर त्या मुलाशी एकट्याने, हळू आवाजात बोलावे.

घंटागाडीवर किंवा झाडलोटीला येणाऱ्या मावशींना, काकांना वर्षातून एकदा तरी वर्गात पाहुणे म्हणून बोलवावे. त्यांना खुर्ची द्यावी, चहा द्यावा आणि मुलांना त्यांना प्रश्न विचारू द्यावेत. कचऱ्यात हाताला काय काय लागते हे त्यांच्या तोंडून ऐकले की वर्ग शांत होतो: फुटलेली काच, दाढीचे ब्लेड, इंजेक्शनच्या सुया, उघडे टाकलेले पॅड, सडलेल्या अन्नात मिसळलेले सगळे काही. त्यानंतर ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा वेगळा ठेवण्याचा नियम मुलांना पाठ करावा लागत नाही. काच जाड वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्याने बांधून, वर पेनाने ‘काच’ असे लिहावे. सुया आणि ब्लेड झाकणाच्या डब्यात साठवावेत. वापरलेले पॅड कागदात घट्ट गुंडाळून, खूण करून वेगळे द्यावे. मोठ्या मुलांना हेही सांगावे की, माणसाकडून हाताने मैला उचलून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि सेप्टिक टँक उपसण्यासाठी संरक्षक साधनांशिवाय माणूस आत उतरवणे हा गुन्हा आहे. घरचा टँक भरला की वडील कोणाला फोन करतात, हा प्रश्न मग मुले घरी नेतात.

मासिक पाळीबद्दल मुलींशी बोलताना ‘बाहेर बसणे’ किंवा ‘कावळा शिवणे’ अशा आडवळणांनी लाज वाढवू नये. ही शरीराची नेहमीची क्रिया आहे, त्या दिवसांत शिवताशिवत पाळण्याचे कारण नाही, आणि कापड वापरत असल्यास ते साबणाने धुऊन कडक उन्हात उघड्यावर वाळवावे, अंधाऱ्या कोपऱ्यात दुसऱ्या कपड्याखाली दडवू नये, एवढे स्पष्ट सांगावे. मुलग्यांनाही हे माहीत असावे, म्हणजे चिडवाचिडवी आपोआप कमी होते.

विडीच्या घरात

सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. सूप मांडीवर, सुपात कापलेली पाने आणि तंबाखू, एका हाताला दोऱ्याचे बंडल आणि बाजूला रांगणारे मूल, हे येथील कित्येक घरांचे रोजचे दृश्य आहे. अशा घराला स्वच्छता शिकवायला जाताना बोलण्याचा सूर फार जपावा लागतो, कारण त्या सुपावरच घरची चूल पेटते. त्या माउलीला दोष देणारा माणूस दारातूनच परत जातो आणि त्याने जावेच.

करण्यासारख्या गोष्टी मात्र आहेत. तंबाखूची पिशवी पिठाच्या डब्यापासून आणि मुलांच्या अंथरुणापासून दूर, झाकून ठेवावी. वळण्याचे काम दारापाशी, वारा बाहेर जाईल अशा जागी करावे. कामाच्या वेळी अंगावर एक जुनी ओढणी किंवा सदरा वेगळा ठेवावा आणि तो इतर कपड्यांत न मिसळता धुवावा. भाकरी थापण्यापूर्वी, बाळाला पाजण्यापूर्वी साबणाने हात धुणे येथे दुप्पट महत्त्वाचे आहे, कारण तंबाखूतील निकोटीन कातडीतूनही शरीरात शिरते. आई वळत असताना घरातील पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी पाणी आणून द्यावे, केर काढावा. मुलांना मात्र विड्या वळायला बसवू नये. यंत्रमागावरून आलेल्या वडिलांनी कपड्यांवरचा कापसाचा धुरळा दाराबाहेर झटकून, हातपाय धुऊन मगच मुलाला उचलावे, हीदेखील त्याच जातीची गोष्ट आहे.

मावा खाऊन थुंकण्याविषयी फार लिहित नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, टपऱ्या कोठे आहेत हे सर्वांना माहीत आहे, आणि ज्या शिक्षकाच्या स्वतःच्या गालात पुडी आहे त्याने हा विषय शिकवू नये.

आजाराबाबत खरे बोलणे

स्वच्छतेइतकाच नीतीशी जोडलेला दुसरा विषय म्हणजे आजार न लपवणे. ताप आलेले, जुलाब होणारे, अंगावर कांजिण्यांचे फोड आलेले मूल शाळेत पाठवू नये हे सर्वांना समजते, तरी शंभर टक्के उपस्थितीच्या बक्षिसासाठी ते पाठवले जाते. हे बक्षीस बंद करावे, किंवा आजारपणाची रजा त्यात मोजू नये. एका मूल्याचा गौरव करताना दुसऱ्याचा बळी दिला जातो हे शाळेच्या लक्षातच येत नाही. जुलाब झालेल्या मुलाला एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून केलेले पाणी थोडे थोडे पाजत राहावे. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले किंवा लघवी थांबली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखान्यात न्यावे. खोकला दोन आठवड्यांपेक्षा अधिक टिकला तर क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी, ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून ही तपासणी लांबवणारे घर आपल्याच लेकरांना रोज तो धोका देत असते.

येथे सोलापूरच्या मुलांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याबद्दल जरूर सांगावे. १९१० मध्ये याच गावात जन्मलेला हा तरुण डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर युद्धग्रस्त चीनमध्ये गेला आणि १९४२ मध्ये तेथेच, ऐन बत्तिशीत, वारला. ज्यांची भाषाही आधी येत नव्हती अशा परक्या माणसांच्या जखमा धुण्यासाठी तो गेला होता. त्यांचा पुतळा आणि स्मारक सोलापुरात आहे. वर्गाची सहल तेथे न्यावी, पण भाषण देऊ नये, मुलांना त्या स्मारकात हिंडू द्यावे.

पडताळा कसा घ्यावा

नीतीच्या विषयाची लेखी परीक्षा घेऊ नये आणि ‘सर्वांत स्वच्छ विद्यार्थी’ असा बिल्लाही देऊ नये, कारण तो बहुधा सर्वांत चांगली इस्त्री असलेल्या मुलाला मिळतो. कोणी पाहत नसताना काय घडते, ते शोधावे. साबणाच्या पाण्याची बाटली आठवड्याला किती उतरते हे पाहावे. एकदा भरलेली बाटली तशीच उभी असेल तर हात धुतले जात नाहीत, मग तक्त्यावर कितीही बरोबरच्या खुणा असोत. सफाईची पाळी नसलेल्या दिवशी वर्ग कसा दिसतो ते पाहावे. सहामाहीत एकदा मुलांनी आपल्या गल्लीतील दहा घरांतली पिंपे मोठ्यांच्या परवानगीने बॅटरीने तपासावीत, किती पिंपांत अळ्या सापडल्या तेवढाच आकडा लिहावा आणि घरमालकाचे नाव मुळीच लिहू नये. पुढच्या सहामाहीत त्याच गल्लीचा आकडा पुन्हा घ्यावा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत हे सगळे विसरले जाते, आणि नेमके तेव्हाच कूलर भरलेले असतात. म्हणून एप्रिलमध्ये शाळा सुटण्यापूर्वी प्रत्येक मुलाने घरातील एक भांडे स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावे, पाण्याच्या आदल्या संध्याकाळी ते घासावे आणि वहीत तारीख लिहावी. जूनमध्ये वह्या तपासण्याआधी शिक्षकांनी शाळेची स्वतःची टाकी मुलांसमोर उघडून दाखवावी आणि ती धुतल्याची तारीख टाकीवर रंगाने लिहिलेली असावी.